कुणीतरी नव्हे, आवडा

गावात कुणी गायला लागलं की आवडाक्का डाव्या कानात बोट घालायची आणि उजवा कान मोकळा ठेवायची. देवळातलं भजन असो, लग्नातली गाणी असोत की यात्रेतला शाहीर असो, तिचं बोट ठरलेलं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "सगळं सोसत न्हाई रं बाबा. निम्मं ऐकलं तरी डोस्कं उठतंय."

मी काही लेखक नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि तीही चढताना अजून बिचकतो. त्यामुळे हे लिहिताना कुठं एखादं वाक्य लंगडं पडलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आक्कानं मात्र घेतलं नसतं. तिनं ते वाक्य बोटानं दाखवून विचारलं असतं, "ह्येला काय झालंय? पाय मुरगाळलाय व्हय?"

आक्का आमच्या शेजारी राहायची. आमचं गाव तासगावच्या पूर्वेला. तिचं माहेर आणखी पूर्वेकडं, कोरड्या माळावरचं, मेंढरांमागं हिंडणारं. नवरा पहिल्या लढाईत पलटणीतून समुद्रापार बसऱ्याला गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ती दिराच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत, एक शेळी आणि एक जातं घेऊन राहिली. दिवसा लोकांच्या रानात तंबाखू खुडायची आणि पहाटे दळताना गाणी रचायची. तंबाखू खुडायची तशी खायचीही, त्यामुळे तिचा आवाज पार फाटलेला होता. "देवानं मला गानं दिलं आन् गळा कावळ्याला दिला," असं ती म्हणायची. त्यात दुःख नसायचं. देवाचं काम नीट झालेलं नाही, एवढी तक्रार असायची.

कौतुक हा प्रकार तिच्याकडं नव्हताच. सांगलीहून मी पहिल्यांदा सुट्टीला आलो तेव्हा सगळी आळी मला बघायला आली. आक्का दारातूनच म्हणाली, "इस्तरी कापडाला केलीस, बरं केलंस. त्वांडाला कवा करनार?" मग खाली बसवून घेऊन विचारलं, "काय शिकिवत्यात तितं?"

"कविता शिकवतात, आक्का."

"कुनाच्या?"

मी जरा विचार केला. "गेलेल्या लोकांच्या."

"मंग मला थांबाय पायजे की अजून," ती म्हणाली आणि तंबाखूची चिमूट गालात धरली.

आता केरबाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याशिवाय आक्काची गोष्ट पुरी होत नाही. हे तिला मुळीच आवडलं नसतं.

केरबा आमच्या गावचा शाहीर. फेट्याचा तुरा हातभर, डोळ्यांत काजळाची रेघ, हातात डफ. गाण्याआधी तो असा खाकरायचा की परगावच्या माणसाला वाटावं, ह्याला काहीतरी झालंय, वैद्य बोलवा. गळा मात्र खरोखर चांगला होता. हे मी प्रामाणिकपणे लिहितो, कारण बाकी चांगलं लिहिण्यासारखं फारसं सापडत नाही. त्यानं आयुष्यात एक ओळ रचली नव्हती. त्याची सगळी गाणी आक्काची. तो तिच्या दारात येऊन बसायचा, "आक्का, एकादं दे की गं" म्हणायचा, ती म्हणून दाखवायची आणि तो पाठ करून उठायचा. तीही देत होती, कारण तिला गळा हवा होता. गाणं तिचं आणि गळा त्याचा, असा तो सौदा होता. अट एकच होती, छाप तिची राहावी.

आमच्याकडं गाणं रचणारा माणूस शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. त्याला छाप म्हणतात. नावाबरोबर स्वतःकडं थोडा कमीपणा घ्यायचा, मी अडाणी, मी येडा, सारी देवाची करणी, असं काहीतरी म्हणायचं, अशीही रीत आहे. केरबानं काय करावं? प्रत्येक गाण्यात आवडा काढून केरबा घालावं. एवढंच त्याचं रचनाकार्य.

गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या गावाला सगळं ठाऊक असतं. ठाऊक असून न बोलणं ही कला आमच्या गावानं अशी वाढवली आहे की तिच्यासाठी वेगळी यात्रा भरवता येईल. केरबा पाटलांच्या बैठकीतला होता आणि आवडाक्का तंबाखू खुडणारी होती. मग कोण बोलणार?

एकदाच तो सापडला. आक्काच्या दळणाच्या गाण्यात शेवट होता, "दीस उगवला, पीठ सांडलं, आवडा बसली जात्याला." केरबानं सवयीनं यात्रेत डफावर थाप मारून खड्या आवाजात म्हटलं, "केरबा बसला जात्याला!" मागून एक म्हातारा ओरडला, "आन् बायकु कुटं गेली रं? नांगर धराय?" सगळी यात्रा हसली. केरबाही हसला. लाज नसली की माणसाला कुठंही हसता येतं. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ आक्काकडं येऊन सांगतो, "आक्का, शेवटच्या कडव्यात बायकी काम घालत जाऊ नगंस. अडचन हुती."

आक्का त्याला नुसतं म्हणाली, "लय तरास हुतुय तुला."

दुसरी लढाई संपल्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या चावडीत सरकारी रेडिओ आला. लाकडी पेटी, तिला कुलूप, कुलपाची किल्ली हेडमास्तरांच्या करगोट्याला. पेटीची बॅटरी मिरजेहून भरून आणावी लागे, आणि ती उतरायला लागली की मुंबईची सगळी माणसं एकदम आजारी असल्यासारखी बोलायची. संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागे. हेडमास्तर पेटीसमोर असे बसायचे की जणू मुंबई त्यांनीच हातानं ओढून आणली आहे.

त्या कार्यक्रमात शहरातली माणसं खेडुतांची भाषा बोलायची. "रामराम पाव्हनं, औंदा पीकपानी कसं काय हाय म्हंतो म्या?" असं सुरू व्हायचं. आक्का बाहेर भिंतीला टेकून ऐकायची, डाव्या कानात बोट घालून. एकदा मला म्हणाली, "ह्यो म्हंतो म्या कुटल्या गावचा रं? माझ्या बानं मेंढरं घिऊन सारा मुलुक पालथा घातला. असं बोलनारं गाव न्हाई लागलं कुटं."

पण मधूनमधून त्या कार्यक्रमात कुठल्या कुठल्या गावचे खरे गाणारे येत. तेव्हा जे गायलं जाई ते त्या क्षणीच सगळीकडं ऐकू जाई. चुकलं तर चुकलेलंच जाई. असं गाणं लागलं की आक्काचं कानातलं बोट जरा सैल व्हायचं, आणि शेवटच्या कडव्याशी ती मान पुढं काढायची. गाणाऱ्याचं नाव ऐकायला. "बग, अमक्या गावचा तमका," म्हणायची. "त्येचं नाव हितवर आलं. आता त्यो मेला तरी हरकत न्हाई."

मग केरबाला रेडिओवर गायचं बोलावणं आलं. धान्य जास्त पिकवा असा सरकारचा धोशा चालू होता, म्हणून पेरणीवरचं नवं गाणं पाहिजे होतं. केरबा धावत आक्काकडं आला. त्या वेळी मी तिथंच होतो. आक्कानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मी तिला कुणाकडं काही मागताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"केरबा, गानं देते. चांगलं देते. पर ह्या एका बारीला माझं नाव ऱ्हाऊ दे. गावात काय घालायचं ते घाल. रेडिओत तेवढं माझं म्हन. एकदा."

केरबा तुरा सावरत म्हणाला, "आक्का, अगं शाहिराच्या त्वांडात बाईचं नाव? सारी मुंबई हसंल की. आन् तुला काय करायचंय नाव? तू ऱ्हातीस हितं, नाव जानार तिकडं."

आक्कानं बाजूला ठेवलेलं काम पुन्हा हातात घेतलं. "परवा ये," एवढंच म्हणाली.

तो गेल्यावर मला फार वाईट वाटलं, आणि काहीतरी बोलावं म्हणून मी कॉलेजातलं ज्ञान पाजळलं. नुकत्याच आम्हांला मात्रा शिकवल्या होत्या. "आक्का, तुझं नाव आणि त्याचं नाव मोजायला अगदी सारखं आहे. आवडा, केरबा. म्हणून एक काढून दुसरं घातलं तरी गाणं मोडत नाही."

आक्काचं चघळणं थांबलं. "मोडत न्हाई?"

"नाही. बसली, उठली असं काही असलं तरच अडतं."

"आन् तसलं काय नसलं तर?"

"तर कुणाला कळणारच नाही."

तिनं शेळीपुढं पाला टाकला. मग म्हणाली, "गानं मोडत न्हाई व्हय. मंग मानूस मोडाय पायजे."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी तिनं केरबाला गाणं दिलं. बी पेरत जाणाऱ्या पाभरीचं, काळ्या रानाचं, दाण्यामागं दाणा पडत जाण्याचं ते गाणं होतं. इतकं चांगलं गाणं तिनं आधी केलं नव्हतं, असं मला वाटतं. शेवटचं कडवं असं होतं:

रान दुसऱ्याचं, बी दुसऱ्याचं, दुसऱ्यानं घातलं पानी
आवडानं कनीस खुडून आनलं, म्हनं माझीच पेरनी.

ऐकून माझे डोळे भरून आले. जमीन देवाची, पाऊस देवाचा, आपण नुसतं कणीस खुडून मिरवतो. किती खरा कमीपणा! केरबालाही आवडलं. त्यानं मनातल्या मनात आवडाच्या जागी केरबा ठेवून बघितलं असावं. जातं नाही, चूल नाही, बसली नाही, उठली नाही. "ह्ये ब्येस जमलं आक्का," तो म्हणाला. "कुटंच अडचन न्हाई."

"न्हाईच," आक्का म्हणाली.

केरबा ज्या संध्याकाळी मुंबईहून गाणार होता त्या संध्याकाळी सगळं गाव चावडीपुढं जमलं. बॅटरी मुद्दाम भरून आणलेली. हेडमास्तरांनी नवा कोट घातला होता, जणू मुंबईतून त्यांना कुणी बघणार होतं. 'म्हंतो म्या' म्हणणारा बोलून झाला. मग आमच्या ओळखीचं ते खाकरणं ऐकू आलं आणि गावानं टाळ्या वाजवल्या. हो, गाण्याला नाही, खाकरण्याला.

केरबा छान गायला. पाभर चालली, दाणे पडले. आक्का भिंतीला टेकून होती. शेवटचं कडवं आलं तशी तिनं कानातलं बोट काढलं. मी ते पहिल्यांदाच बघितलं. आणि पेटीतून केरबाचा गोड, खडा आवाज साऱ्या मुलखाला सांगू लागला:

रान दुसऱ्याचं, बी दुसऱ्याचं, दुसऱ्यानं घातलं पानी
केरबानं कनीस खुडून आनलं, म्हनं माझीच पेरनी!

मग तो यात्रेतलाच म्हातारा म्हणाला, "आरं, ह्येनं कबूल केलं की!" आणि गाव फुटलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. पाटील फेट्याचा शेमला तोंडात कोंबून हसत होते. ज्या गावाला इतकी वर्षं ठाऊक असून बोलता येत नव्हतं, त्या गावाला आता चोरानंच बोलून दाखवल्यावर कंठ फुटला. हेडमास्तर "शांतता! शांतता!" ओरडत होते आणि पेटीतून केरबा मोठ्या हौसेनं तीच ओळ घोळून घोळून म्हणत होता. शेवटी रेडिओवरचा माणूस गहिवरून म्हणाला, "वा शाहीर! एवढा मोठा कलावंत, आणि केवढी ही नम्रता!"

आक्का हसली नाही. "नरम मऊ हाय खरा," म्हणाली आणि शेळीला पाणी पाजायला गेली.

केरबा मुंबईहून हार घालून आला. मोटारीतून उतरला तर अड्ड्यावरचे लोक विचारायला लागले, "काय शाहीर, पेरनी कशी काय? खुडायला मानूस पायजे का?" पहिल्यांदा त्याला कळेना. मग कळलं. तो तसाच, गळ्यातल्या हारासकट, आक्काच्या दारात आला. मागं निम्मं गाव.

"मला चोर केलंस व्हय गं भवाने? साऱ्या मुलखात?"

आक्का सुपात शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या? म्या तर माझं नाव घातलं हुतं. ते काडून तुजं कुनी घातलं रं?"

केरबानं तोंड उघडलं. एवढा गळा असून त्या दिवशी त्यातून काही निघालं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ते गाणं लोकांना आवडलं होतं, आणि रेडिओवाल्यांनी केरबाला पुन्हा बोलावलं, तेच गाणं घेऊन. आता तो पेचात पडला. स्वतःचं नाव घालावं तर चोर, कडवं गाळावं तर रेडिओवाले म्हणणार, ते नम्रतेचं कुठं गेलं? मी भाबडा. मला वाटलं, आता त्याच्यापुढं एकच रस्ता उरला आहे. मी आक्काला तसं म्हणालोही. "आक्का, आता तुझंच नाव घ्यावं लागणार त्याला."

"गप बस," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी ती चावडीपाशी लवकर आली. धुतलेलं लुगडं नेसून आली. आणि बोट पहिल्यापासूनच कानाबाहेर होतं.

केरबा शेवटच्या कडव्यापाशी आला. रान दुसऱ्याचं, बी दुसऱ्याचं. किंचित थांबला. मग म्हणाला:

कुनीतरीऽ कनीस खुडून आनलं, म्हनं माझीच पेरनी.

कुणीतरी! एक मात्रा कमी पडत होती, ती त्यानं आवाज लांबवून भरून काढली. भित्र्या माणसाला वाट बरोबर सापडते. चावडीत कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. पेटीतला माणूस नेहमीसारखा गहिवरला.

आक्कानं दोन्ही कानांत बोटं घातली. घरी जाताना वाटेत एवढंच म्हणाली, "माजं घ्याचं नव्हतं तर त्येचं तरी घ्याचं. त्यो चोर तरी हुता, मानूस हुता. कुनीतरी कोन रं? कुनीतरी म्हंजे कुनीच न्हाई." त्या सबंध सुट्टीत ती मला लागट असं काहीही बोलली नाही. तेव्हाच मी काळजी करायला हवी होती, की काय, कोण जाणे.

तिनं त्यानंतर गाणं केलं नाही, असं आई म्हणते. पुढच्या उन्हाळ्यात माझी परीक्षा चालू असताना ती गेली. मला कळलं तेव्हा दिवसही घालून झाले होते. केरबा मयतीला आला होता म्हणे. खाकरला नाही, एवढी त्यानं कृपा केली.

सांगलीला आमच्या कॉलेजात त्या वर्षी लोकगीतांचा कार्यक्रम झाला. शहरात लोकगीतांची आवड आली होती, ज्यांना लोकांची फारशी आवड नव्हती अशांनाही. स्टेजवर दोन सुपं आणि एक जातं मांडलं होतं, जात्याची वरची तळी उलटी. एका मुलीनं बाजाच्या पेटीच्या साथीवर गाणं सुरू केलं आणि पहिल्याच ओळीला मी ते ओळखलं. पाभर चालली, दाणे पडले. "कुणीतरीऽ कणीस खुडून आणलं." ती ओढून घेतलेली मात्रासुद्धा तिनं जशीच्या तशी घेतली होती, अलंकार म्हणून. सूत्रसंचालक पुढं येऊन म्हणाले, "रेडिओवरून घराघरांत गेलेलं हे गीत. कवी अर्थातच अज्ञात. असं सहज सुचलेलं काव्य कुणा एकाचं नसतंच."

मी उभा राहिलो. का राहिलो ते मला माहीत नाही. वर्गात प्रश्न विचारला तरी मी शेजाऱ्याकडं बघतो. "अज्ञात नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"कुणीतरी नाही ते. आवडा. आमच्या शेजारच्या आवडाक्का. तिथं 'आवडानं' असं आहे."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. सूत्रसंचालक सहनशीलपणे म्हणाले, "असं का? मग म्हणून दाखवा बरं." त्यांना वाटलं, आता हा बसेल. मी म्हणालो. माझा आवाज नावावरच चिरकला, आणि सगळं सभागृह मनसोक्त हसलं. त्यांचा दोष नाही, ते हसण्यासारखंच झालं होतं.

गाणारी मुलगी मात्र हसली नाही. तिनं पेटीवाल्याला हात केला आणि मला विचारलं, "आवडानं? म्हणजे मात्रा बरोबर बसते की. मी ओढत होते ती चूकच." आणि डोळे मिटून, खणखणीत, नितळ गळ्यानं तिनं ती ओळ पुन्हा घेतली:

आवडानं कणीस खुडून आणलं, म्हणे माझीच पेरणी.

आक्काला हवा होता तसा गळा, आणि त्यात तिचं नाव. मी खाली बसलो. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही, कारण माझ्या कानाशी तो फाटका आवाज अगदी स्पष्ट म्हणाला, "कणीस काय गं बये? कनीस म्हन की. दात हाईत न्हवं त्वांडात?"

आणि नकळत माझं बोट डाव्या कानाकडं गेलं.